वाचक आले होते

सत्कार समितीच्या अध्यक्षांनी मला फसवलं. माझं सोडा, मी धंदेवाला माणूस, फसवाफसवी बघतच मोठा झालो. पण त्यांनी माझ्याच मंडपात एका दृष्टी गेलेल्या म्हाताऱ्या लेखकाला फसवलं, आणि त्याला भेटायला लांबून आलेल्या माणसांनाही. हे ऐकीव नाही. मी तिथे होतो. कनाती माझ्या होत्या, खुर्च्या माझ्या होत्या, आणि ज्या दोरीने माणसं अडवली ती दोरीसुद्धा माझीच होती.

पनवेलमध्ये माझा मंडप डेकोरेशनचा धंदा आहे. कर्नाळ्याच्या पायथ्याच्या गावातून आलो तेव्हा अंगावरचे कपडे सोडून जवळ काही नव्हतं. दुसऱ्याच्या गोदामात बांबू वाहिले, त्याची गाठ खांद्यावर अजून आहे. दराच्या बाबतीत माझं नाव चांगलं नाही. मुलीचा बाप डोळ्यात पाणी आणून उभा राहिला तरी मी खुर्च्यांचा भाव सोडत नाही, कारण तोच बाप केटररला हसत हसत देतो. लोक म्हणतात मी भांडखोर आहे. आहे. भांडलो नसतो तर अजून बांबूच वाहत असतो.

तर हे लेखक. आम्ही सगळे त्यांना काका म्हणायचो. सरकारी कचेरीत नोकरी, आणि दर रविवारी आमच्या जिल्ह्याच्या वर्तमानपत्रात एक सदर. वर्षानुवर्षं. त्यात राजकारण नसायचं. बाजारात वालाच्या शेंगा निवडणारी बाई काय पुटपुटते, एखाद्या न्हाव्याने दुकान बंद करताना आरसा कुणाला दिला, करंजाच्या धक्क्यावर मासळी वाळत असताना कावळे हाकायला कोण बसतं, असलं काहीतरी. मला तेव्हा वाचनाचा नाद नव्हता. एका रविवारी चहाच्या टपरीवर लोक माझ्याकडे बघून हसायला लागले, तेव्हा मी पहिल्यांदा ते सदर वाचलं. त्यात मी होतो.

नाव नव्हतं, पण पनवेलमध्ये धंदा नवीन सुरू केलेला मंडपवाला दुसरा कोण? काकांनी लिहिलं होतं की लग्नात भटजींचे आभार मानतात, आचाऱ्याचे मानतात, बँडवाल्याला फेटा बांधतात. पण जो सगळ्यांच्या आधी येतो आणि सगळ्यांच्या नंतर जातो, तो मंडपवाला कनातीमागे बसून घरून आणलेली भाकरी खातो. त्याला पंगतीला कुणी बोलवत नाही.

माझं डोकं फिरलं. धंद्यात ऐट लागते हो. गिऱ्हाइकाला वाटलं पाहिजे की हा मोठा माणूस आहे. आणि इथे माझी भाकरी गावभर झाली! मी पेपर हातात घेऊन त्यांच्या घरी गेलो.

"हे तुम्ही लिहिलंत?"

"हो. काही चुकलं का?"

"चुकलं म्हणजे? भाकरी कुठे होती? चपाती होती!"

ते हसले नाहीत. म्हणाले, "मग माझी चूक झाली. पुढच्या रविवारी दुरुस्त करतो."

मला वाटलं होतं ते भांडतील. भांडले असते तर बरं झालं असतं. मी दुसरा मुद्दा काढला. "माझ्यावर लिहून तुम्हाला पैसे मिळाले ना? मग त्यात माझा हिस्सा?"

आतून काकूंचा आवाज आला, "त्यांना मिळतात त्यातला हिस्सा म्हणजे अर्धा कप चहा. बसा, टाकते."

पुढच्या रविवारी खरंच छापून आलं, की मागच्या लेखातली भाकरी ही चपाती होती, मंडपवाल्याने घरी येऊन सांगितलं, आणि त्याचं म्हणणं बरोबर आहे. त्या मोसमापासून मला यजमान हाताला धरून पंगतीत बसवायला लागले. एकाने तर वाढप्याला ओरडून सांगितलं, "अरे, यांना चपाती वाढ! नाहीतर पेपरात येईल."

त्यानंतर मी दर रविवारी वाचायला लागलो आणि काकांच्या घरी माझं येणं-जाणं झालं.

पुढे पेपरचे मालक बदलले, पुरवणी बारीक झाली, काकांच्या डोळ्यांनी साथ सोडायला सुरुवात केली आणि सदर थांबलं. पेपरने एक ओळसुद्धा छापली नाही. त्या जागी एका क्लासची जाहिरात आली. काका महिनाभर वाट बघत होते. कुणी विचारेल, कुणी दोन ओळी पाठवेल. कुणी पाठवल्या नाहीत.

आता यात एक गोष्ट शहाण्यांना कळत नाही, ती मला कळते, कारण मी पंगती पाहिल्यात. आमच्याकडची माणसं जेवण आवडलं म्हणून आचाऱ्याला शोधत जात नाहीत. पोटभर जेवतात, हात धुतात, आणि घरी जाऊन वर्षभर त्या जेवणाबद्दल बोलतात. आचाऱ्याला ते कधीच कळत नाही. काकांच्या वाचकांचं तसंच होतं. मी तालुकाभर मंडप घालत फिरायचो. कोन गावात हळदीचा मंडप बांधताना नवरीची आत्या विचारायची, "ते रविवारचे काका आहेत ना हो अजून?" उरणकडे साखरपुड्याला गेलो की कुणीतरी म्हणायचं, आमच्या आजीवर लिहिलेला लेख आम्ही फ्रेम करून लावलाय. मी हे सगळं काकांना येऊन सांगायचो. ते ऐकायचे आणि म्हणायचे, "तू मनाने चांगला आहेस रे."

म्हणजे विश्वास नव्हता. मी धंदेवाला, गोड बोलतोय, असं त्यांना वाटायचं.

काकू गेल्या. काका नवीन पनवेलला मुलीच्या फ्लॅटमध्ये राहायला आले. दृष्टी पूर्ण गेली होती. मी भेटायला जायचो. एकदा मुलगी आत असताना ते मला म्हणाले, "एवढी वर्षं लिहिलं. दर रविवारी वाटायचं, कुणी वाचलं असेल का? तुझ्यासारखं भांडायला तरी अजून कुणी आलं असतं तर कळलं असतं. एकदा कळू दे बाबा. कुणीतरी येऊन हात हातात द्यावा आणि सांगावं, की मी वाचत होतो. बस."

हेच होतं सगळं. शाल नको, मानपत्र नको. हे एवढंच हवं होतं.

मग ही समिती निघाली. ज्येष्ठ लेखकाचा भव्य नागरी सत्कार. अध्यक्ष हार्डवेअरच्या दुकानातून वर आलेले, पुढच्या निवडणुकीवर डोळा ठेवून असलेले. त्याबद्दल माझी तक्रार नाही, मीही खालूनच वर आलो. त्यांनी मला मंडपाचा भाव विचारायला बोलावलं. वही-पेन घेऊन भांडणाच्या तयारीत बसले होते.

मी म्हणालो, "भाडं नको."

"काय?"

"एक पैसा नको. मोठा मंडप, स्टेज, खुर्च्या, सगळं माझ्याकडून."

त्यांनी शेजारच्याकडे पाहिलं. "तब्येत बरी आहे ना तुमची?"

"बरी आहे. एक अट आहे. गेटजवळ मी एक लहान मंडप वेगळा घालणार. काका आधी तिथे बसणार, खाली खुर्चीत, स्टेजवर नाही. वाचक एकेक करून त्यांना भेटणार. सगळे भेटून झाले की मग तुमचे पाहुणे, तुमच्या शाली, तुमची भाषणं. पहाटेपर्यंत करा."

"एवढंच ना? अहो, सत्कार वाचकांचाच आहे!"

आमच्या धंद्यात एक रीत आहे. पहिली मेढ, म्हणजे मंडपाचा पहिला खांब, रोवताना यजमान तिला हळदकुंकू लावतो, हात लावून उभा राहतो, नारळ फुटतो. त्या वेळी जे बोललं गेलं ते पक्कं. त्यानंतर भाव कमी-जास्त करायचा नाही, मंडपवाल्याने नाही आणि यजमानानेही नाही. मी आयुष्यात कुणाशी लेखी करार केला नाही. मेढीशी खोटं बोलणारा यजमान मला भेटला नव्हता, कारण कार्य त्याच्या घरचं असतं, आणि मेढ वाकडी गेली तर कार्य बिघडतं अशी त्यालाही भीती असते. अध्यक्षांनी मेढीला हात लावला आणि मोठ्याने म्हणाले, "आधी वाचक, मग आम्ही." फोटो निघाला. मी निर्धास्त झालो. त्यांच्या घरचं कार्य नव्हतंच ते, हे माझ्या डोक्यात आलं नाही.

लहान मंडप मी स्वतः बांधला. काकांसाठी हातांची वेताची खुर्ची, समोर वाचकासाठी एक बुटकी खुर्ची, म्हणजे हात सहज हातात देता येईल. वर पांढरं छत, कारण उन्हात रंगीत छताखाली उकडतं.

रविवार होता. ऊन कडक. दुपारपासून माणसं यायला लागली. मी माझ्या गिऱ्हाइकांना फोन करून सांगितलं होतं, त्यांनी आणखी कुणाकुणाला सांगितलं. रांग गेटच्या बाहेर गेली. करंजाची एक कोळीण म्हातारी पुढे होती. सुके बोंबील तिने एकात एक अशा तीन पिशव्यांत बांधून आणले होते, वास येऊ नये म्हणून. वास येतच होता. तिला वाचता येत नाही. सून मासळी साफ करताना दर रविवारी तिला सदर वाचून दाखवायची. तिच्यामागे एसटीचे निवृत्त ड्रायव्हर, डोक्यावर जाळीची टोपी. काकांनी त्यांच्या रात्रीच्या मुक्कामी गाडीवर लिहिलं होतं.

"मावशी," ते म्हणाले, "काकांना पथ्य असेल. ते बोंबील माझ्याकडे द्या, मी जबाबदारी घेतो."

"तुला कशाला? तुझ्या गाडीनं आमची मासळी कदी टायमावर बाजारात नेली का? निस्ती नासवलीस!"

"वल्लाह, मावशी, गाडीला मीच ढकलत होतो."

"म्हून तर उशीर. काकांना सांगते ना मी, बघ. तुजं समदं सांगते."

रांग हसली. त्यांच्यामागे एक बेने इस्राएल, म्हणजे आपल्या कोकणातल्या ज्यू, बाई होत्या, बँकेतून निवृत्त झालेल्या. त्यांची बहीण बऱ्याच वर्षांपूर्वी इस्रायलला गेली. ह्या दर आठवड्याला सदर कापून तिला टपालाने पाठवायच्या. त्या दिवशी त्यांनी बहिणीला व्हिडिओ कॉल लावून ठेवला होता. "रविवार आहे म्हणून बरं," त्या मला म्हणाल्या, "शनिवार असता तर आमचा शब्बाथ, सुट्टीचा वार, मी आले नसते, आणि ही तर फोनलाही हात लावत नाही." फोनमधून बहीण ओरडली, "ताई, मला काकांसमोर धर, तू मध्ये येऊ नकोस!"

काकांना गाडीतून आणलं तेव्हा मी गेटवर होतो. गाडी थांबली नाही. स्टेजमागे कनातीने आडोसा केलेल्या खोलीकडे गेली. मला वाटलं चहा देतील आणि आणतील. मुलीला अध्यक्षांच्या पत्नी हात धरून पुढच्या सोफ्यावर घेऊन गेल्या. मग बसगाड्या आल्या. एकाच रंगाच्या टोप्या घातलेली माणसं उतरली आणि माझ्या खुर्च्यांवर बसली. मोठे पाहुणे, म्हणजे अध्यक्षांच्या पक्षाचे साहेब, लवकर येत आहेत असा निरोप आला आणि गेटवर दोरी बांधली गेली. वाचकांची रांग दोरीच्या बाहेर. मी अध्यक्षांना गाठलं.

"शब्द दिला होता तुम्ही. मेढीपाशी."

"अहो, शब्द कुठे पळून चाललाय? साहेब आले की सिक्युरिटी कुणाला हलू देत नाही. त्यांचं उरकू द्या, मग वाचकच वाचक."

"आत्ता आणा काकांना. ती बाई करंजाहून आली आहे."

"तिला पाणी द्या ना. तुमची माणसं आहेत." आणि ते निघून गेले.

साहेब लवकर आले नाहीत. ते कधीच येत नसतात. तेवढ्या वेळात सगळी रांग भेटून घरी गेली असती. आले तेव्हा ढोल वाजला, फटाके वाजले. काकांना स्टेजवर आणलं. हारांनी त्यांची हनुवटी झाकली. साहेब विमानतळाबद्दल बोलले, रस्त्यांबद्दल बोलले, आणि शेवटी म्हणाले की पनवेलच्या या ज्येष्ठ कवीला मी वंदन करतो. काकांनी जन्मात कविता केली नव्हती. मग काकांच्या हातात माइक दिला.

काका म्हणाले, "आपण आलात, आभारी आहे. वाचक येणार होते असं मला सांगितलं होतं. ऊन आहे. आले नसतील. त्यांनाही कामं असतात. हरकत नाही."

लाउडस्पीकर गेटवरही होता. दोरीच्या बाहेर उभ्या असलेल्यांनी हे ऐकलं. आधी कुणाला काही कळेना. मग म्हातारी ओरडली, "काका! आमी हाय! आमी आलोय!" ड्रायव्हर ओरडले. सगळी रांग ओरडायला लागली. फोनमधून ती बहीण एवढ्या दुरून ओरडत होती. पण स्टेजवरच्याने टाळ्यांचं आवाहन केलं, टोप्यांनी टाळ्या वाजवल्या आणि ढोलवाल्याने ढोलावर काठी टाकली. मी स्टेजकडे धावलो. दोन आडदांड माणसांनी मला दंडाला धरलं. "मंडपवाले, तुम्ही खाली थांबा." माझ्याच मंडपात!

साहेबांच्या ताफ्यामागून काकांना मागच्या बाजूने घरी पाठवलं. गेटवर हे कळलं तेव्हा ड्रायव्हर दोरी सोडवायला लागले होते. त्यांनी ती तशीच हातातून टाकली. बेने इस्राएल बाई फोनमध्ये बहिणीला समजावत होत्या आणि समजावता समजावता स्वतःच रडल्या. म्हातारीने बोंबील माझ्या हातात दिले. म्हणाली, "तूच दे. आमाला कोन आत सोडनार नाय."

मंडप उतरवताना अध्यक्ष खुशीत होते. मी विचारलं, "काकांना कुणी सांगितलं वाचक आले नाहीत म्हणून?"

"मीच. काय करणार? उठतच नव्हते हो. वाचकांत बसतो, वाचकांत बसतो. साहेब दारात. मग म्हटलं, काका, उन्हामुळे कुणी आलेलं नाही, स्टेजवर चला. लगेच उठले. म्हाताऱ्या माणसांना असं काहीतरी सांगावंच लागतं."

जरासुद्धा लाज नाही. मी तेव्हा जे बोललो ते इथे छापता येणार नाही.

मी काकांकडे गेलो. सांगितलं. मुलीनेही सांगितलं की गेटवर रांग तिने पाहिली. काका तिला म्हणाले, "तू मुलगी आहेस, तू असंच म्हणणार." मग मी करंजाच्या म्हातारीला गाडीत घालून त्यांच्याकडे आणलं. तिने त्यांचे दोन्ही हात धरले आणि कावळे हाकण्याचा लेख अथपासून इतिपर्यंत सांगितला, मध्ये मध्ये काकांच्या चुका काढत. त्यांना बरं वाटलं. दिसत होतं. पण ती म्हणाली, "त्या दिशी आमी होतो काका, लय मानसं होती," तेव्हा त्यांनी मान माझ्या आवाजाच्या दिशेला वळवली.

"हिचं खरं आहे. ही आली. पण बाकीचं तू तिला शिकवलंस. खुर्च्या भाड्याने देणारा माणूस आहेस, माझ्यासाठी माणसंही आणशील. रागावू नकोस. तुझा जीव आहे माझ्यावर, म्हणून करतोस."

अध्यक्ष म्हणजे शहाणा, मोठा माणूस, त्याला खोटं बोलायचं कारण काय, असं त्यांना वाटतं. माझ्याकडे मात्र खोटं बोलायचं कारण आहे: माया. ड्रायव्हर येतो म्हणाले, त्या बाईही येतो म्हणाल्या. काकांनी मुलीला सांगून टाकलं की आता कुणाला आणू नका. शोभा होते.

मी अध्यक्षांकडे पुन्हा गेलो. मी सौदे करणारा माणूस, म्हणून सौदा घेऊन गेलो. तुमच्या प्रचाराच्या सगळ्या सभांचा मंडप माझ्याकडून, एक पैसा घेणार नाही. फक्त एकदा काकांकडे चला आणि खरं सांगा. ते हसले. "एवढ्याशा गोष्टीसाठी? विसरले असतील हो ते. वय झालंय." मी म्हटलं, विसरले नाहीत. ते म्हणाले, मग मी तिथे जाऊन काय खोटारडा म्हणवून घेऊ?

हो. तेच म्हणवून घ्यायचं आहे.

अध्यक्षसाहेब, तुम्ही हे वाचाल, कारण वाचलेले लोक तुम्हाला येऊन सांगतीलच. काका माझं ऐकत नाहीत, मुलीचं ऐकत नाहीत. तुमचं ऐकतात. त्यांच्या मनात घातलेलं खोटं तुम्ही घातलंत, ते तुम्हीच काढू शकता, दुसरा कुणी नाही. त्यांचं वय तुम्हाला माहीत आहे. शाल नेऊ नका, फोटोवाला नेऊ नका. समोर बसा, त्यांचा हात हातात घ्या आणि सांगा की तुमचे वाचक उन्हात उभे होते, मीच त्यांना दोरीबाहेर ठेवलं आणि तुमच्याशी खोटं बोललो. दोन वाक्यं. घर तुम्हाला ठाऊक आहे, दुपारी ते जागे असतात. कधी जाताय? आणि जाणार नसाल, तर का नाही, ते मला नको, त्या गेटवर उभ्या राहिलेल्या माणसांना सांगा.